दंतवैद्यांचे जन्मभराचे पाच

गेल्या कित्येक वर्षांत डॉक्टरांचं संगीताबद्दलचं एकही मत कोणी खोडून काढलं नव्हतं. ते फार मोठे जाणकार होते म्हणून नव्हे. ते दंतवैद्य होते म्हणून. मत मांडायची वेळ ते अचूक साधत. समोरचा माणूस खुर्चीत आडवा, जबडा ताणलेला, गालात कापसाचे बोळे, जिभेवर आरसा आणि ओठाला थुंकी ओढणारी नळी अडकवलेली. अशा माणसाला डॉक्टर विचारत, "हा सॅक्सोफोन ऐकलात? असा सॅक्सोफोन पुन्हा झाला नाही. बरोबर ना?"

माणूस म्हणे, "आँ."

"तेच म्हणतो मी," असं म्हणून डॉक्टर समाधानाने मशीन सुरू करत.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीत बायको टेबलाशी बसून नंबर द्यायची. आतल्या खोलीत डॉक्टर, खुर्ची आणि एक मोठं काचेचं कपाट. कपाटाच्या वरच्या फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले आणि खालच्या झाडून सगळ्या फळ्यांवर अल्बम. पियानोचे, व्हायोलिनचे, ट्रम्पेटचे, कुठल्याशा बेटावरच्या ढोलांचे. तरुणपणी लोक नको नको ते नाद करतात. डॉक्टरांनी अल्बम घेतले. दोन स्पीकर खुर्चीच्या दोन्ही अंगांना, नेमके कानाच्या उंचीवर बसवलेले होते, त्यामुळे पेशंटला सुटका नव्हती.

"अहो, एखाद्याला नको असेल गाणं," बायको अधूनमधून म्हणायची.

"आजवर एकाने तरी तक्रार केली का?" डॉक्टर विचारायचे.

आता यावर ती बिचारी काय बोलणार? तक्रार करायला तोंड लागतं, आणि ते डॉक्टरांच्या ताब्यात असायचं.

पण खरं सांगायचं तर डॉक्टरांना मनातून फार एकटं वाटे. "वा डॉक्टर, काय ऐकवलंत!" असं त्यांना आजवर कोणी म्हणालं नव्हतं. जीव ओवाळून टाकावा असं काही तरी ऐकवावं, डोळे मिटून शेवटच्या सुरापर्यंत थांबावं, आणि समोरच्याने चूळ भरून विचारावं, "कॉफी कधीपासून चालेल?" बायकोकडे जावं तर तिचं वेगळंच. ती म्हणे, "तुमची गाणी आणि तुमचं मशीन मला दाराआडून एकदमच ऐकू येतं. त्यातलं गाणं कुठलं नि मशीन कुठलं, ते आता मला निवडता येत नाही." म्हणजे झालं कल्याण.

त्यात साडूंनी आगीत तेल ओतलं. साडूंचं रंगाचं दुकान होतं आणि संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. तरीही गावच्या रेडिओवर दर रविवारी सकाळी 'जन्मभराचे पाच' नावाचा जो कार्यक्रम लागतो, त्यात पाहुणे म्हणून ते जाऊन आले. पाहुण्याने आपल्या आयुष्यातले सर्वांत लाडके पाच अल्बम सांगायचे, त्यातलं एकेक गाणं वाजवायचं आणि ते का आवडतं यावर चार शब्द बोलायचे, असा तो कार्यक्रम. साडूंनी अल्बम निवडले ते वेष्टनांच्या रंगांवरून. "हे गाणं ऐकलं की मला आतून मोरपिशी वाटतं," असं ते रेडिओवर बोलून गेले आणि लोक खुळावले. रस्त्यात थांबवून थांबवून माणसं त्यांना सांगायची, "काय बोललात हो!" अर्ध्या गावाने भिंती मोरपिशी करून घेतल्या.

"डॉक्टर, तुम्हीही जा की एकदा," साडू जेवताना सगळ्यांसमोर म्हणाले. "पण सांभाळून हं. तिथे समोरच्याचं तोंड रिकामं असतं."

सगळे हसले. बायकोची बहीण हसली, तिची मुलं हसली, आणि खुद्द बायकोनेही पाण्याचा पेला तोंडाला लावला तो उगीच नव्हे. डॉक्टरही हसले, पण त्यांची जेवणावरची वासना उडाली. त्याच घासाला त्यांनी ठरवलं, की त्या कार्यक्रमात आपण जायचंच, आणि गावाने आपल्याला रस्त्यात थांबवायचंच.

संधी चालून आली ती खुर्चीवरच. त्या कार्यक्रमाचा निवेदक दाढेत कीड लागली म्हणून आला. डॉक्टरांनी त्याला भूल दिली, गालात बोळे कोंबले, नळी लावली आणि मग गोड आवाजात विचारलं, "मला बोलवाल का हो तुमच्या कार्यक्रमात?"

निवेदक म्हणाला, "आँ?"

"पुढच्या महिन्यात चालेल?"

"आँ... आँआँ!"

"ठरलं तर!" डॉक्टर म्हणाले. निवेदकाला पुढच्या महिन्यात एका नामवंत वकीलबाईंना बोलवायचं होतं, असं त्याने नंतर मित्रांना सांगितलं. पण त्या दिवशी भूल उतरून जीभ वळायला लागेपर्यंत डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटना, औषधवाल्याला आणि फोन करून साडूंना बातमी देऊन टाकली होती. शिवाय दाढेत तात्पुरतं भरण होतं. पक्कं भरण अजून व्हायचं होतं. अशा वेळी दंतवैद्याशी कोण वैर घेईल?

आणि मग डॉक्टरांची झोप उडाली. शेकड्याने अल्बम, त्यातून पाच निवडायचे म्हणजे काय? सकाळी निवडलेले पाच दुपारी नकोसे वाटायचे. 'उलटा जिना' हा पियानोचा अल्बम घ्यावा तर 'पत्र्यावरचं ऊन' हा ट्रम्पेटचा अल्बम डोळ्यांसमोर येऊन रुसायचा. 'दोन व्हायोलिनं आणि एक भांडण' घ्यावा तर 'मावशीचं घड्याळ' या अल्बममधली गिटार काय पाप करून बसली होती? डॉक्टर पेशंटच्या तोंडात डोकावता डोकावता मध्येच थांबायचे आणि उसासा टाकायचे. पेशंटला वाटायचं, आपल्या दाढेचं काही खरं नाही.

"डोळे मिटा आणि हाताला येतील ते पाच उचला," बायको वैतागून म्हणाली. "सगळे तुमचेच आहेत."

"अगं, गावाला आवडायला नकोत का? साडूंपेक्षा फिके पडले तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"मग गावालाच विचारा."

ती आपली सहज बोलून गेली. पण डॉक्टरांचा चेहरा असा काही उजळला, की तिला तिथल्या तिथे जीभ चावावीशी वाटली.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात मतदान सुरू झालं. आता मतदानाची रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यातूनच घडलं. दुखलं की पेशंटने हात वर करायचा, हा सगळ्याच दंतवैद्यांकडचा रिवाज. डॉक्टरांनी त्यात थोडी सुधारणा केली. पेशंटच्या गळ्याभोवती रुमाल बांधता बांधता ते सांगत, "हे पाहा, दुखलं तर डावा हात वर करायचा. गाणं आवडलं तर उजवा. घोळ करू नका."

घोळ पेशंट करणार नव्हते. घोळ खुर्चीच्या डाव्या अंगालाच उभा होता. तिथे हत्यारांचा ट्रे होता, आणि तो पेशंटच्या कोपराला चिकटून असायचा. डावा हात उचलावा तर चिमटे, सुया आणि आरसे अंगावर सांडणार. मशीनची सुई नसेला भिडली, की माणूस दुखण्याचा हात कुठला आणि आवडीचा कुठला याचा विचार करत बसत नाही. जो मोकळा असेल तो हात वर जातो.

पहिल्याच दिवशी बँकेचे साहेब रूट कॅनॉलसाठी आले. डॉक्टरांनी 'उलटा जिना' लावला आणि मशीन सुरू केलं. साहेबांचा उजवा हात ताडकन वर गेला.

"वा!" डॉक्टर हर्षाने म्हणाले. "नेमकी जागा पकडलीत. थांबा, याच्या पुढची तर याहून सुंदर आहे." आणि साहेबांना ती नीट ऐकता यावी म्हणून त्यांनी काम घाईने न उरकता सावकाश चालू ठेवलं. पुढच्या जागेला साहेबांचे दोन्ही पायही वर गेले.

संध्याकाळी डॉक्टर बायकोला सांगत होते, "मी पुष्कळ रसिक पाहिले गं. पण पायाने दाद देणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. बँकेत कुजतोय बिचारा."

"अहो, त्यांना दुखत होतं!"

"दुखण्याचा हात डावा आहे."

"डावीकडे ट्रे आहे."

"खरोखर दुखत असेल तर माणूस ट्रेची पर्वा करेल का?" डॉक्टरांनी विचारलं. "तू उगाच शंका काढतेस. तुझ्या भाऊजींनी मोरपिशी म्हटलं तेव्हा नाही काढलीस."

झालं! भाऊजींचं नाव निघालं की पुढे बोलण्यात अर्थ नसतो, हे तिला ठाऊक होतं. तरीही दुसऱ्या दिवशी तिने गुपचूप तो ट्रे उजवीकडे सरकवून ठेवला. डॉक्टरांना उजव्या हाताने काम करायची सवय. ट्रे वाटेत आला, चिमटा हरवला, आणि त्यांनी चिडून ट्रे होता तिथेच परत आणला. तिने हात टेकले.

मतदान रंगात आलं. मोटार शिकवणारे मास्तर 'पत्र्यावरचं ऊन'ला असे दिलखुलास हात हलवत राहिले, की डॉक्टरांनी त्यांच्यासाठी ते गाणं पुन्हा लावलं. न्हाव्याने 'दोन व्हायोलिनं आणि एक भांडण' ऐकताना डॉक्टरांचं मनगटच धरलं. "इतकं मनाला लावून घेऊ नका," डॉक्टर हळवे होऊन म्हणाले. निवेदक पक्कं भरण करून घ्यायला आला तेव्हा 'मावशीचं घड्याळ' वाजत होतं. त्यानेही हात वर केला आणि डॉक्टरांना वाटलं, आता अधिकारी माणसाचं मत पडलं, चिंता मिटली. उलट, नुसते दात साफ करून घ्यायला आलेले लोक अल्बम कितीही गोड असला तरी ढिम्म पडून राहायचे. "दगड आहेत नुसते," डॉक्टर म्हणायचे आणि तो अल्बम बाद करायचे.

अशा रीतीने गावाला ज्यांनी सर्वांत जास्त कळा आणल्या होत्या, ते पाच अल्बम डॉक्टरांनी मोठ्या प्रेमाने वेगळे काढले आणि पिशवीत भरले.

रविवारी सकाळी डॉक्टर इस्त्रीचा कोट घालून रेडिओच्या छोट्या खोलीत जाऊन बसले. काचेपलीकडे गाणी लावणारी मुलगी, काचेअलीकडे डॉक्टर आणि निवेदक. घरी बायको, तिची बहीण आणि साडू रेडिओभोवती जमले होते. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि अख्ख्या गावाला उद्देशून म्हणाले, "मंडळी, आज मी तुम्हाला माझी निवड ऐकवणार नाही. तुमचीच ऐकवणार आहे."

निवेदक गोंधळला, पण तोवर 'उलटा जिना' सुरू झाला होता. गाणं संपतं न संपतं तोच टेलिफोनचा लाल दिवा लुकलुकला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ती दाद अखेर आली होती.

"डॉक्टर, मी बँकेतून... म्हणजे घरून बोलतोय," बँकेचे साहेब विव्हळत म्हणाले. "सोफ्यावर पेपर वाचत बसलो होतो. तुमचा तो पियानो सुरू झाला आणि माझं तोंड आपोआप उघडलं. गाणं संपेपर्यंत मिटेना. घरातले सगळे घाबरलेत."

"संगीताने माणूस अवाक होतो तो असा," डॉक्टर निवेदकाला म्हणाले, पण आवाजात मघाचा जोर राहिला नव्हता.

'पत्र्यावरचं ऊन' लागलं आणि मास्तरांचा फोन आला. त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली होती. "बरी असलेली दाढ ठणकायला लागली हो! शिकणारी बाई शेजारी बसलीय, ती विचारतेय की हा हात कसला सिग्नल म्हणून. मला तो खालीच घेता येत नाहीये."

तिसरा अल्बम व्हायोलिनांचा. फोनवर न्हावी कळवळत होता. "डॉक्टर, आधी ते बंद करा. माझं बघू नका, मी सोसतोय. पण खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची दाढ परवाच तुम्ही काढलीत ना? त्याने साबण लावलेला असताना आ केला. निम्मा फेस पोटात गेला त्याच्या!"

पाठोपाठ दिवे लुकलुकतच राहिले. एका घरी नाश्त्याला बसलेलं अख्खं कुटुंब आ वासून बसलं होतं. एका गृहस्थांनी आवाज ऐकताच शर्टाच्या वर टॉवेल बांधून घेतला होता आणि तो का बांधला, हे त्यांचं त्यांनाच सांगता येत नव्हतं. "चौथा अल्बम," ते घाईघाईने म्हणाले, "हा तरी... हा तर आपल्या निवेदकांच्याच पसंतीचा आहे. 'मावशीचं घड्याळ'."

गिटार सुरू झाली आणि निवेदकाने सावकाश मान मागे टाकली. तोंड उघडलं. उजवा हात वर गेला.

"अहो, बोला काही तरी," डॉक्टर कुजबुजले.

"आँ," निवेदक म्हणाला. अख्ख्या गावाने ते ऐकलं.

डॉक्टर त्या वर गेलेल्या हाताकडे पाहतच राहिले. इथे निवेदकाच्या डावीकडे ट्रे नव्हता, मशीन नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती गिटार होती. आणि तरीही माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते रसिकाचं नव्हतं. रसिकाचं पाणी कसं असतं ते डॉक्टरांना आरशामुळे ठाऊक होतं. बायको म्हणत होती ते खरं होतं. एकूण एक हात दुखण्याचा होता. आपण इतकी वर्षं या माणसांना संगीत ऐकवत नव्हतो, त्यांच्या कळांना चाली लावून देत होतो! डॉक्टरांना तिथेच टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात साडूंचा फोन लागला. "डॉक्टरसाहेब, मजा आली!" ते रेडिओवरून गडगडाटी हसले. "माझा कार्यक्रम ऐकून लोकांनी भिंती रंगवल्या, तुमचा ऐकून जबडे उघडले. धंदा करावा तर असा!"

पाचवा अल्बम वाजलाच नाही. काचेपलीकडच्या मुलीने घाबरून हवामानाचा अंदाज लावून दिला.

डॉक्टर घरी आले ते कोट न काढताच पलंगावर बसले. बायकोने कॉफी आणून ठेवली आणि शेजारी बसली. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

"मला काही पहिला नंबर नको होता गं," डॉक्टर म्हणाले. "एकच माणूस हवा होता. ऐकून झाल्यावर काही तरी बोलणारा. बरं, वाईट, काहीही."

"मी बोलले असते," ती म्हणाली. "पण मला खरंच मशीन वेगळं काढता येत नाही हो."

सोमवारी दवाखान्याबाहेर ही रांग! सगळे गाल धरून. डॉक्टर एकेकाला खुर्चीत घेत, आरसा फिरवत आणि म्हणत, "काही झालेलं नाही तुम्हाला. दाढ ठणठणीत आहे." खोलीत चिडीचूप. स्पीकर बंद, कपाटाला कुलूप. डॉक्टर एक शब्द जास्त बोलत नव्हते, आणि त्या शांततेला पेशंट गाण्यापेक्षाही जास्त घाबरत होते.

संध्याकाळी रांग ओसरत आली तेव्हा दार ढकलून एक उंच, ताठ बाई आत शिरल्या. या गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलं होतं, आणि अजूनही त्या समोर आल्या की मोठमोठी माणसं शर्टाची बटणं चाचपून पाहत. त्या न विचारता खुर्चीत बसल्या. आडव्या नव्हे, ताठ.

"तुमचीही दाढ दुखतेय का बाई?" डॉक्टरांनी खालमानेने विचारलं.

"कुठली दाढ?" बाई कडाडल्या. "तुम्ही ठेवलीत का एक तरी? वरची, खालची, दोन्ही कवळ्या तुमच्याच हातच्या आहेत. दुखायला माझ्याकडे काही शिल्लक नाही, म्हणून तर कार्यक्रम सलग ऐकू शकले. अख्ख्या गावात मी एकटीनेच ऐकला असेल."

डॉक्टरांनी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला. त्यांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "ऐकलात? मग... कसं वाटलं?"

"भिकार," बाई म्हणाल्या.

डॉक्टर एक पाऊल पुढे सरकले.

"तो तुमचा ट्रम्पेटवाला. 'दर दोन सुरांमध्ये तो संयमाने थांबतो,' असं काल रेडिओवर म्हणालात तुम्ही. कसला संयम? दम पुरत नाही त्याला, म्हणून थांबतो. मला शाळेत बँड शिकवायची सवय आहे, मला कळतं."

"काय बोलताय बाई!" डॉक्टर उसळले. "ती शांतता हाच तर त्या अल्बमचा प्राण आहे."

"शेवटच्या ओळीत सूर तुटत नाही. का? कारण तिथे त्याच्याबरोबर आणखी दोघं फुंकताहेत. याला दम खायला सवड मिळते. पुन्हा ऐका."

शेवटची ओळ डॉक्टरांनी मनात वाजवून पाहिली. बाईंचं खरं असण्याची शक्यता होती, आणि ती भयंकर होती. "बरं, ते एक वेळ सोडा," ते घुटमळत म्हणाले, "पण व्हायोलिनं? त्या दोघांचं भांडण?"

"त्याला तुम्ही भांडण म्हणता? एकजण बोलतो, दुसरा माना डोलावतो. भांडायला दोन्हीकडून आवाज लागतो, डॉक्टर. तुम्हाला हे कळत नाही याचं मला नवल वाटतं. आणि आता पियानोवर येऊ या."

डॉक्टरांचे कान तापले. उत्तर द्यायचं होतं, पण काही सुचेना. सुचणार कुठून? त्यांनी आजवर मतं मांडली होती पुष्कळ. मताला मत आलं की काय करायचं याचा सराव कधी झालाच नव्हता. पियानोवर हात टाकू देणं तर शक्यच नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या जागी जातो, तसा डॉक्टरांचा हात ट्रेकडे गेला. त्यांनी आरसा उचलला, चेहऱ्यावर व्यवसायाचा गंभीरपणा आणला आणि म्हणाले, "जरा आ करा पाहू. कवळी सैल झालेली दिसतेय."

बाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते ओळखायचं त्यांचं कौशल्य निवृत्तीनंतरही शाबूत होतं. त्यांनी शांतपणे वरची कवळी काढली. मग खालची काढली. दोन्ही डॉक्टरांच्या पसरलेल्या तळहातावर ठेवल्या आणि रुमालाने ओठ टिपले.

"तुम्ही हे तपासा," त्या म्हणाल्या. शब्द थोडे फुसफुसत होते, पण मुद्दा एकही निसटत नव्हता. "मी बोलते. तर पियानो. डाव्या हाताला तो बुवा नुसता झोपलेला आहे."

"डावा हातच तर सगळं पेलतोय!" डॉक्टर ओरडले.

"काय पेलतोय? तेच तेच चार सूर?"

"चार नाहीत, लावून दाखवतो!"

"लावाच!"

बाहेर बायकोने आवाज ऐकले आणि तिच्या हातून नंबरांचे बिल्ले सांडले. आतून डॉक्टरांचा आवाज यायचा हे नेहमीचंच; पण त्याला उत्तर येत होतं, आणि तेही डॉक्टरांच्या वरच्या पट्टीत. खोळंबलेले पेशंट गाल धरायचे विसरून एकमेकांकडे बघायला लागले. तिने धावत जाऊन दार उघडलं.

कपाट सताड उघडं होतं. 'उलटा जिना' पहिल्यापासून वाजत होता. मशीन बंद होतं, त्यामुळे तो कसा आहे ते तिला आज प्रथमच कळलं, आणि तो बरा होता. डॉक्टर स्टूल ओढून बाईंच्या अगदी समोर बसले होते, चेहरा लालबुंद, केस विस्कटलेले, आणि इतके आनंदात, की लग्नानंतर तिने त्यांना असं फार थोड्या वेळा पाहिलं होतं.

"अहो, बाहेर माणसं खोळंबलीत," ती म्हणाली.

"उद्या यायला सांग त्यांना. आणि दार लावून घे."

"पण तुमच्या हातात बाईंचे दात आहेत!"

डॉक्टरांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"असू देत गं," ते म्हणाले. "त्यांचं काही अडलेलं नाही."